वाघ पुढच्या स्लाइडवर आहे

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, कारण तिथले बरेच जण अजून नोकरीत आहेत, एक शाळा होती.

बाळांनो, नीट बसा. माझ्याकडे पडदा नाही आणि दिवेही मालवायचे नाहीत. गोष्ट तोंडातून निघणार आहे, तेव्हा तोंडाकडे बघा. मागच्या रांगेतल्यांनी जांभया द्यायला हरकत नाही, फक्त तोंडावर हात ठेवा. मला इथून पडजीभ दिसते.

तर ती शाळा हरणांच्या पोरांची होती. चितळांची पाडसं, सांबरांची पाडसं, एखादं नीलगायीचं आडदांड वासरू, असा वर्ग. विषय एकच, वाघ. गणित-भूगोल असले चोचले तिथे नव्हते. वाघ येतोय हे तो यायच्या आधी कळलं पाहिजे आणि कळल्यावर पळता आलं पाहिजे, एवढाच अभ्यासक्रम. जे पास होत ते संध्याकाळी घरी दिसत. जे नापास होत ते दिसत नसत. त्यामुळे फेरपरीक्षेची भानगड नव्हती.

शिकवायला भेकरे मास्तर होते. भेकर म्हणजे हरणांतलंच एक बुटकं जनावर. वाघाची नुसती चाहूल लागली तरी ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि अख्खं जंगल जागं करतं. मास्तरांचे गुडघे धरले होते, पण आवाज खणखणीत होता.

मास्तरांची शिकवायची रीत अगदी साधी होती. पोरांना उंच गवतात उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि म्हणायचं, ऐका. पोरं ऐकत. सातभाई पक्षी कलकलत असत, तित्तिर ओरडत असे, झाडावरून माकडं शेंगा टाकत असत. हे सगळं चालू असेल तर सगळं ठीक. यातलं काही एकदम थांबलं, तर मात्र कान टवकारायचे. मास्तर म्हणत, वाघाचा आवाज ऐकू येत नाही, वाघ आला की बाकीच्यांचा आवाज जातो, तो गेलेला ऐकायचा.

आता तुम्हीच सांगा, तासन् तास काहीच न घडणारा असला तास कुणाला आवडेल? पोरं उभ्या उभ्या डुलक्या घेत. एक सांबराचं पोरगं तर घोरायचं. नीलगायीचं वासरू शेजारच्याची शेपटी चघळत बसायचं. मास्तर ओरडत, पोरं जागी होत, मास्तर पुन्हा म्हणत, ऐका. पुन्हा काही घडत नसे.

या वर्गात बुंदी नावाचं एक चितळाचं पाडस होतं. अंगावर इतके गोल, ठसठशीत ठिपके की आईनं दुसरं नाव शोधलंच नाही. बुंदी हुशार होती. तिला सगळं एकदा सांगितलं की पाठ होई. बुंदीची आई मात्र सतत घाबरलेली असायची, त्याला कारण होतं.

त्या जंगलात एक चाल होती. पोर मोठं झालं की एका संध्याकाळी त्यानं एकट्यानं पाणवठ्यावर जायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं. याला म्हणत 'पहिलं पाणी'. मास्तरांनी जा म्हटल्याशिवाय कुणी जायचं नाही, आणि मास्तरांनी जा म्हटल्यावर आईनं अडवायचं नाही. बुंदीच्या आधी बुंदीच्या आईला एक मुलगा होता, बत्तासा. तो मास्तरांचा लाडका विद्यार्थी. वर्गात कधी डुलकी घेतली नाही त्यानं. मास्तरांनी त्याला कौतुकानं जा म्हटलं, तो उड्या मारत पहिल्या पाण्याला गेला आणि परत आला नाही.

तेव्हापासून बुंदीची आई पाणवठ्याचं नाव निघालं की चरायची थांबे. मास्तर झोपेत भुंकत. दोघं समोरासमोर आले की एकमेकांच्या पायांकडे बघून पुढे जात.

एवढंच दुःख आहे गोष्टीत, बाळांनो. आता डोळे पुसा, मोर आला.

मोर शाळेचा मुख्याध्यापक होता. वर्गावर तो कधी जात नसे, पिसारा गवतात अडकायचा. एक दिवस मात्र तो मास्तरांच्या तासाला डोकावला आणि त्याला दिसलं की सगळा वर्ग डोळे मिटून उभा आहे आणि एक जण घोरतोय. मोराला घाम फुटला. पलीकडच्या जंगलातल्या शाळेत म्हणे पोरं खिदळतात, टाळ्या पिटतात, सुट्टी झाली तरी घरी जात नाहीत. आणि आपल्याकडे हे! त्यानं मास्तरांना बोलावून घेतलं आणि पोरं रमली पाहिजेत असं सांगितलं. मास्तर म्हणाले की वाघात रमण्यासारखं काही नाही. मोर म्हणाला, तिथंच तुमचं चुकतं.

मग उदमांजर आलं. उदमांजर म्हणजे लांब शेपटीचं, अंगाला घमघमाट असलेलं, झाडाझाडावरून फिरणारं जनावर. हे कुणाच्या अध्यात नसतं, पण सगळ्यांच्या ओळखीचं असतं. हे उदमांजर जंगलाजंगलात जाऊन शिक्षकांना शिकवायचं की शिकवायचं कसं. स्वतः त्यानं कुणाला काही शिकवलं होतं का, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्याच्या अंगाचा वासच इतका भारी होता.

उदमांजरानं एक प्रोजेक्टर आणला, एक पांढरा पडदा आणला आणि मास्तरांच्या हातात, म्हणजे खुरात, एक रिमोट दिला. जंगलात लाइट कुठून आली म्हणता? भेकराला आडनाव आहे ते चाललं तुम्हाला, आणि लाइट आली की लगेच शंका! शंकेला गोष्टीत जागा आहे, पण ती शेवटी. गप्प बसा.

वर्ग गवतातून उठून अस्वलाच्या जुन्या गुहेत गेला. पडद्याला अंधार लागतो ना. आणि उदमांजरानं स्वतः तयार केलेलं प्रेझेंटेशन सुरू झालं. पहिल्या स्लाइडवर मोराचा पिसारा. दुसरीवर मोराचा संदेश. तिसरीवर मोर झाड लावताना. चौथीला विषय आला, 'वाघ : एक ओळख'. मग 'वाघाचे प्रकार'. मग 'वाघाचे फायदे व तोटे'. फायद्यांच्या खाली तीन मुद्दे होते आणि तोट्यांच्या खाली एकच होता, कारण जागा संपली होती.

आणि मग खुद्द वाघ यायचा. काय यायचा म्हणून सांगू! पडद्याच्या डाव्या बाजूनं गरगर गिरक्या घेत यायचा, ढोल वाजायचा, मध्ये येऊन थांबायचा आणि त्याच्याभोवती चांदण्या चमकायच्या. पोरं टाळ्या पिटायची. खुरांनी जमीन बडवून गुहा दणाणून सोडायची. पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा, असा एकच कल्ला. मास्तर मागचं बटण दाबत, वाघ गिरक्या घेत मागे जाई. पुढचं बटण दाबत, वाघ पुन्हा हजर. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या तासाला कुणी झोपलं नाही. खरं सांगतो, मास्तरांना बरं वाटलं. इतकी वर्षं ओरडून ओरडून घसा बसला होता बिचाऱ्यांचा. आता भुंकायचीही गरज नव्हती, ढोल होताच.

शेवटच्या स्लाइडवर उगवता सूर्य, एक गुलाब आणि खाली 'धन्यवाद'. त्याच्या आधीच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'काही शंका?'. ही स्लाइड आली की मास्तर वाचत, काही शंका? आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, नाही सर. मग सुट्टी. शंका असलेलं पोरगं सगळ्यांची सुट्टी लांबवणार, म्हणून कुणाला शंका असायची सोय नव्हती. एकदा नीलगायीच्या वासराला आली होती. त्याला इतरांनी बाहेर नेऊन समजावलं.

आता एक बारीकसारीक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा.

हरणांच्या जातीत शेपटीला फार महत्त्व. शेपटी उभी झाली आणि खालचा पांढरा भाग दिसला की पळायचं. कोण, का, कुठे, काही विचारायचं नाही. हे कुणी शिकवत नाही, पोटातूनच येतं. आता मास्तर पडद्याकडे तोंड करून स्लाइडवरचं वाचायचे. म्हणजे वर्गाकडे काय असायचं ते सांगायला नको. आणि तो रिमोट मेला कडक होता. बटण दाबायला मास्तरांना सगळा जोर लावावा लागे, आणि जोर लावला की त्यांची शेपटी आपोआप ताठ उभी राहायची.

पहिल्या दिवशी शेपटी उभी झाली तशी सगळी पोरं धूम गुहेबाहेर पळाली. मास्तरांनी हाका मारून मारून गोळा केली. दुसऱ्या दिवशी निम्मीच पळाली. पुढे पुढे शेपटी उभी झाली की पोरं माना पुढे काढून, डोळे मोठे करून, खूश होऊन पडद्याकडे बघू लागली. शेपटी म्हणजे पुढची स्लाइड, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आणखी एक. गुहेत सतत काही ना काही वाजत असे. ढोल, घंटा, नाहीतर बासरी. शांतता झाली तर त्याचा अर्थ एकच, लाइट गेली. लाइट गेली की पडदा बंद, वाघ बंद. लाइट नाही तर वाघ नाही, हेही पोरांना कुणी न शिकवता आलं.

परीक्षा झाली. परीक्षेत वाघाचे फायदे लिहायचे होते. बुंदी पहिली आली. मोरानं मास्तरांना सांगितलं की आता या गुणी पोरीला पहिल्या पाण्याला पाठवा.  बत्ताशालाही मास्तरांनी असंच पाठवलं होतं. पण बत्ताशाच्या वेळी त्यांची रीत जुनी होती, पोरं पेंगत होती, आता तर सगळी पोरं टक्क जागी असतात. असं स्वतःला समजावून त्यांनी जा म्हटलं.

बुंदीची आई त्या दिवशी मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली. या वेळी पायांकडे न बघता तिनं थेट तोंडाकडे बघितलं.

"मास्तर, हिला येतं ना सगळं?"

"पहिली आलीय," मास्तर म्हणाले.

"ते मी ऐकलं. हिला येतं का, ते विचारतेय."

 मास्तर म्हणाले की मी स्वतः पाणवठ्यावरच्या टेकाडावर उभा राहतो, काही दिसलंच तर भुंकतो. आईनं मान डोलावली. मीही लांब उभी राहते, म्हणाली. अडवायचं नाही अशी चाल होती, बघायचं नाही अशी नव्हती.

आता जरा कान इकडे करा. एक आतली गोष्ट सांगतो.

त्याच जंगलात, नदीच्या वरच्या अंगाला, एक वाघीण राहत होती. तिला ढाण्या नावाचा मुलगा. वाघीण त्याला शिकार शिकवायची तीही आपल्या आईनं शिकवली तशीच. गवतात पोट टेकून पडायचं आणि हलायचं नाही. माशी नाकावर बसली तरी हलायचं नाही. तासन् तास. म्हणजे तिच्याही तासाला काहीच घडायचं नाही. ढाण्या पेंगायचा, नाहीतर स्वतःच्याच शेपटीवर झडप घालायचा. वाघिणीनं हात टेकले. आणि तेव्हाच झाडावरून घमघमाट आला.

हो, तेच. उदमांजर वाघिणीकडेही गेलं. पोरगं रमत नाही ना, म्हणालं. वाघिणीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शिकलेल्यांचा तिला आदर होता. तिनं होकार दिला. मोबदला म्हणून उदमांजराला खायचं नाही एवढं तिनं कबूल केलं. उदमांजराला तेवढं पुष्कळ होतं.

नवीन प्रेझेंटेशन करायचा कंटाळा उदमांजराला होताच. त्यानं हरणांचंच काढलं, जिथे वाघ होता तिथे हरीण घातलं आणि मोर काढून तिथे वाघीण घातली. 'हरीण : एक ओळख'. 'हरणाचे फायदे व तोटे'. हरीण डावीकडून गिरक्या घेत यायचं आणि ढोल वाजायचा. मग शिकारीच्या पायऱ्या, एक एक करून, बटण दाबलं की यायच्या. आधी 'निरीक्षण', मग 'दबा', मग 'मनाची तयारी', मग 'झेप'. शेवटी 'काही शंका?', आणि गुलाब. इथे सर म्हणजे उदमांजर स्वतः. ते विचारायचं, काही शंका? ढाण्या म्हणायचा, नाही सर, आणि घरी सुटायचा, कारण घरी हाड चघळायला असायचं.

तर ज्या संध्याकाळी बुंदीचं पहिलं पाणी होतं, त्याच संध्याकाळी ढाण्याची पहिली शिकार होती. योगायोग म्हणता? पाणवठा एकच होता, बाळांनो, आणि संध्याकाळी दोघांनाही तिथेच यायचं होतं. वाघीण पलीकडच्या काठाला, लांब, बांबूच्या बेटात बसून होती. पहिल्या शिकारीत आईनं पंजा लावायचा नाही अशी त्यांच्यातही चाल होती.

बुंदी पाण्यावर आली. मान खाली घालून प्यायला लागली. पाणी गार होतं, गोड होतं. सातभाई कलकलत होते, तित्तिर ओरडत होता, माकडं शेंगा टाकत होती.

आणि सगळं एकदम थांबलं.

टेकाडावर मास्तरांचे कान ताठ झाले. झाडीत बुंदीच्या आईचं अंग थिजलं. बुंदीनं मान वर केली, इकडे तिकडे बघितलं आणि तिला वाटलं, लाइट गेली. म्हणजे आता वाघ नाही. ती निवांतपणे पुन्हा पाणी पिऊ लागली.

आईला ओरडायचं होतं. आवाज फुटेना. पण तिची शेपटी ताठ उभी राहिली आणि खालचा पांढरा भाग लांबून लख्ख दिसला. तो बुंदीलाही दिसला. बुंदी खूश झाली. मान पुढे काढून, डोळे मोठे करून ती पुढची स्लाइड यायची वाट बघू लागली.

पुढची स्लाइड गवतातून आली. उजवीकडून आली, गिरकी न घेता, ढोल न वाजवता. आता बुंदीला डावीकडून येणारा वाघ पाठ होता. हा कोण, तिला कळेना. मग पट्टे दिसले. पट्टे दिसल्यावर तिनं काय करावं? सवयीनं टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन्ही खुर जमिनीवर दणादणा आपटले.

टेकाडावरून मास्तरांनी हे सगळं बघितलं. आता भुंकायचं, एवढंच काम होतं. जन्मभर तेवढंच तर केलं होतं त्यांनी. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि सवयीनं खुरात राहिलेल्या रिमोटचं मागचं बटण दाबलं. वाघ मागे गेला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग सेल काढून, पुसून, पुन्हा घातले आणि दाबलं.

इकडे ढाण्यानं निरीक्षण केलं होतं. दबा धरून झाला होता. मनाची तयारीही झाली होती. आता तो थांबला होता. पुढची पायरी त्याला माहीत होती, तोंडपाठ होती, पण ती अजून आली नव्हती. कुणी बटण दाबायचं नाव घेईना. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. समोर हरीण टाळ्या वाजवत होतं आणि तो झेप या शब्दाची वाट बघत उभा होता.

मग वारा फिरला आणि बुंदीला वास आला.

गुहेत वाघाला वास नव्हता. हा वास तिनं कधी घेतला नव्हता, तरी तिच्या पोटाला तो ओळखीचा होता. तिचे खुर थांबले.  हा वाघ आहे, खरा आहे, आणि आता मी मरणार, हे तिला कळलं. फार भीती वाटली तिला, बाळांनो. आई आठवली. कधी न बघितलेला बत्तासा आठवला. पळायचं कुठे आणि कसं, ते आठवेना. जिवाच्या आकांतानं तिनं डोक्यातलं सगळं प्रेझेंटेशन चाळलं. पिसारा, संदेश, झाड, ओळख, प्रकार, फायदे, तोटे. कुठेच काही सापडेना. शेवटून दुसरी तेवढी उरली.

"काही शंका?" बुंदी कापऱ्या आवाजात म्हणाली.

ढाण्याचे कान उभे राहिले. एवढा वेळ अडकून पडलेला त्याचा चेहरा उजळला.

"नाही सर," तो म्हणाला. आणि वळला, आणि हाडाच्या आठवणीनं उड्या मारत घरी निघून गेला.

"धन्यवाद," बुंदी म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

बांबूच्या बेटात वाघीण कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून बसली होती. तिच्या सात पिढ्यांत असं कुणी बघितलं नव्हतं.

बुंदीची आई धावत आली. तिनं पोरीला नाकापासून शेपटीपर्यंत चाटलं, मग पुन्हा शेपटीपासून नाकापर्यंत चाटलं. मास्तर गुडघे सांभाळत टेकाड उतरून आले. त्यांना सांगायचं होतं की चुकलं, माझं चुकलं, उद्यापासून पुन्हा गवतात उभं राहायचं. त्यांनी तसं तोंडही उघडलं. पण आईनं मान खाली करून त्यांच्या खुरांना नाक लावलं.

"मास्तर, तुमच्या त्या पडद्यानं माझं पोर परत दिलं," ती म्हणाली. "बत्ताशाच्या वेळी हा असता तर?"

आता सांगा, काय बोलणार मास्तर? जुन्या रीतीनं नीट शिकलेला बत्तासा गेला होता, आणि काहीही न शिकलेली बुंदी समोर जिवंत उभी होती. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. डोळे भरून आले त्यांचे, ते कशानं, ते त्यांनाही धड कळलं नाही.

मोरानं मोठा समारंभ केला. पडद्याची पूजा झाली. बुंदीनं वाघाशी संवाद साधून त्याला परत पाठवलं, असं त्यानं भाषणात सांगितलं आणि हे मार्गदर्शन कुणाचं होतं ते पिसारा उघडून दाखवलं. प्रेझेंटेशनमध्ये एक नवी स्लाइड घालण्यात आली, 'आपले यश'. आता आसपासच्या सगळ्या शाळांना तेच हवं होतं. उदमांजराला फुरसत म्हणून उरली नाही.

एवढ्या गडबडीत त्यानं एक चूक केली. वाघिणीनं बोलावलं म्हणून ते गेलं. त्याला वाटलं, समारंभ असेल.

वाघीण गुहेसमोर बसली होती. ढाण्या बाजूला हाड चघळत होता. वाघीण शांतपणे म्हणाली की पोरगं उपाशी परत आलं. उदमांजर म्हणालं की तो उजळणीचा प्रश्न आहे. वाघीण म्हणाली की हरणानं टाळ्या वाजवल्या तरी ते हललं नाही. उदमांजरानं सांगितलं की पुढच्या आवृत्तीत झेप आपोआप येईल, बटण लागणार नाही. हे बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की वाघीण मघापासून पोट टेकून पडली आहे. तिच्या नाकावर माशी बसली आहे आणि ती हलत नाही.

सातभाई गप्प झाले. ते उदमांजराच्या कानावर आलं नाही. त्यानं आपलं घाईघाईनं शेवटचं वाक्य म्हटलं, जे म्हटल्यावर आजवर प्रत्येक वर्ग उठून घरी गेला होता.

"काही शंका?"

वाघीण कधी शाळेत गेलेली नव्हती.

"एक आहे," ती म्हणाली.

जंगलात पुढे बरेच दिवस घमघमाट येत होता, मग तोही गेला. मोरानं नवीन प्रशिक्षक शोधला. मास्तरांच्या खुरात अजून तोच रिमोट आहे, आणि अजून तो कडकच आहे. फक्त कधीकधी लाइट गेली की मास्तर पोरांना हळूच गवतात नेऊन उभं करतात आणि म्हणतात, ऐका. पोरं कुरकुरतात. बुंदी तेवढी डोळे मिटून उभी राहते आणि नाक वाऱ्यावर धरते.

तात्पर्य : बाळांनो, आपल्या शाळेत काही शिकवलं नाही तरी घाबरू नका. आपल्याला खाणाऱ्यांच्या शाळेतही तेच प्रेझेंटेशन दाखवतात. फक्त जिला शाळेत जायला मिळालं नाही, तिला 'काही शंका?' असं विचारू नका.